ओसरीपासून सातबाऱ्यापर्यंत

१. स्वेटरवाली बाई कुठली?

दिवाळी उरकली की मराठवाड्यातल्या शहरांमध्ये तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. छत्रपती संभाजीनगरात कितीतरी जणांच्या शाळेतल्या स्वेटरची खरेदी याच दुकानांमधून झाली असेल. माल बहुतेक लुधियानाचा. विकणाऱ्यांतले पुष्कळ जण कर्नाटकातल्या मुंडगोड, बैलकुप्पे इथल्या तिबेटी वसाहतींमधले. भाव करताना हिंदी अगदी सफाईदार, जमलं तर चार वाक्यं मराठीही. घासाघीस संपली की गिऱ्हाईक विचारतं, "तुम्ही नेपाळचे का?" गिऱ्हाईक जरा धीट असेल तर पुढचा प्रश्न येतो, "इथं मतदान करता का?"

या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे: काही जण करतात, काही करत नाहीत. एकाच घरात मोठी बहीण करू शकते आणि धाकटा भाऊ करू शकत नाही. हे असं का, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. कुठे गोदावरीच्या काठी, कुठे कोल्हापूरजवळच्या एका छावणीत, तर कुठे कल्याणच्या लष्करी बराकींमध्ये.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. धो धो पावसात अनोळखी माणूस दारात आला, तर आपण त्याच्याशी टप्प्याटप्प्याने वागतो. आधी ओसरीवर उभं राहू देतो, पावसात परत ढकलत नाही. मग चहा-भाकरी विचारतो. पाऊस थांबायचं चिन्ह नसेल तर मागची खोली उघडून देतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव लावणं ही फार पुढची गोष्ट, बहुतेकदा ती येतही नाही. देशाचंही तसंच असतं. न हाकलणं, पोसणं, वसवणं आणि नागरिक करून घेणं हे चार वेगळे निर्णय आहेत. त्यांचे कायदे वेगळे, खाती वेगळी, खर्चही वेगळा. निर्वासितांवरच्या आपल्याकडच्या वादांत हे चारही एका पोत्यात भरले जातात. कोणी म्हणालं, "ओसरीवर उभं तरी राहू द्या," की समोरचा ओरडतो, "म्हणजे सातबारा लिहून द्यायचा का?"

२. निर्वासित कोण, आणि कोण नाही

जगात आज चालणारी व्याख्या १९५१ च्या जिनिव्हा करारातली आहे. साध्या भाषेत ती अशी: जो माणूस आपल्या देशाबाहेर आहे, आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटातलं स्थान किंवा राजकीय मत यांमुळे आपला छळ होईल अशी सकारण भीती वाटत असल्याने परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. चाळण्या दोन आहेत. एक, सरहद्द ओलांडलेली हवी. दोन, भीती छळाची हवी.

या चाळण्या आपल्या ओळखीच्या माणसांना लावून पाहू. जायकवाडीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्या पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगावकडच्या लोकांनी घर, शिवार, देऊळ सगळं सोडलं. तरी ते निर्वासित नव्हेत, धरणग्रस्त. त्यांच्या नावाने राज्यात पुनर्वसनाचे कायदे झाले, त्यातला पहिला १९७६ चा. बीडहून सांगली-कोल्हापूरकडे जाणारी ऊसतोड टोळीही निर्वासित नव्हे. पोटासाठी निघालेल्याला ही व्याख्या लागू होत नाही, मग पोट कितीही रिकामं असो.

आता उलट उदाहरण. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेनहून मुलं शिकायला येतात. समजा, एक विद्यार्थी रीतसर विद्यार्थी व्हिसावर आला. २०१४ नंतर त्याच्या देशात युद्ध पेटलं, आणि त्याच्या घराण्याचं नाव एका गटाच्या यादीवर चढलं. त्याने कुठलीही सरहद्द चोरून ओलांडली नाही. बेगमपुऱ्यातल्या खोलीत अभ्यास करता करता तो निर्वासित झाला. व्याख्येत तो बसतो, कारण ती माणूस कसा बाहेर आला ते विचारत नाही, परत का जाऊ शकत नाही एवढंच विचारते.

३. गोदावरी जेव्हा सरहद्द होती

संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे निघालं की कायगाव-टोक्याला गोदावरी ओलांडावी लागते. अलीकडे गंगापूर तालुका, पलीकडे नेवासा. आज एसटीतल्या माणसाचं पुलाकडे लक्षही जात नाही. पण १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने या नदीच्या दोन काठांवर दोन सरकारं होती. पलीकडे स्वतंत्र भारताचा मुंबई प्रांत, अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, जे भारतात सामील व्हायला तयार नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ चा 'जैसे थे' करार झाला, पण त्याने गावोगावची दहशत थांबली नाही. कासीम रझवीच्या रझाकारांनी लूट, जाळपोळ आणि खून यांचा धुमाकूळ घातला, आणि सरहद्दीलगतच्या गावांतली माणसं रातोरात उठली.

कोण कुठे गेलं हे नकाशाच सांगतो. वैजापूरकडचे येवला-कोपरगावला, पैठणकडचे शेवगावला, अजिंठ्याच्या घाटाकडचे चाळीसगाव-पाचोऱ्याला, उस्मानाबादचे बार्शी-सोलापूरला, नांदेडकडचे उमरखेड-पुसदला. बार्शी तर तिन्ही-चारही बाजूंनी निजामाच्या मुलखाने वेढलेली, तरी मुंबई प्रांतातली. या सरहद्दीच्या पलीकडेच हैदराबाद स्टेट काँग्रेसने आपली केंद्रं उघडली. तीच मुक्तिसंग्रामातली सरहद्दीवरची कॅम्पं.

या माणसांना काय म्हणायचं? हैदराबाद स्वतंत्र देश मानला तर ते अगदी पुस्तकी निर्वासित. तो मुलूख भारताचाच मानला तर ते देशांतर्गत विस्थापित. त्या वेळी पलीकडच्या काठावर कोणी हा प्रश्न सोडवत बसलं नाही. नात्यागोत्याची घरं, देवळांच्या धर्मशाळा, व्यापाऱ्यांची कोठारं यांच्यावर भागलं. सोयरीक दोन्ही काठांवर असल्यामुळे ओसरीही ओळखीची होती. निर्वासितांचं स्वागत दयेपेक्षा नात्यावर जास्त चालतं, असं माझं मत आहे. अनोळखी भाषेच्या माणसाची वेळ येते तेव्हा खरी परीक्षा होते.

गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच राहील. त्याच काळात उलट दिशेनेही लोंढे येत होते. फाळणीच्या दंगलींनी घाबरलेले मध्य प्रांत, वऱ्हाड आणि मुंबई इलाख्यातले मुस्लिम निजामाच्या राज्यात आसऱ्याला आले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ तारखेपर्यंत पोलीस ॲक्शन झाली, मराठवाडा मुक्त झाला आणि सरहद्दीपलीकडे गेलेले आपापल्या गावी परतू लागले. मग पारडं फिरलं. रझाकारांचा सूड अनेक ठिकाणी, त्यांच्याशी काडीचा संबंध नसलेल्या खेड्यांतल्या मुस्लिमांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने या भागात फिरून सरकारला अहवाल दिला. मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता आणि सर्वाधिक झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना बसल्याचं तिने नोंदवलं. वाचलेल्यांपैकी अनेकांनी खेडी सोडून शहरं गाठली. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. संस्थानात आसऱ्याला आलेल्या बाहेरच्या प्रांतांतल्या मुस्लिमांना नव्या राजवटीने आपापल्या गावी परत पाठवायला घेतलं.

दीडेक वर्षात एकाच मुलखात तीन वेगवेगळे लोंढे. एकाही लोंढ्यासाठी 'निर्वासित' असं स्वतंत्र कायदेशीर खातं नव्हतं.

४. वळिवडे: एक छावणी, दोन बिऱ्हाडं

कोल्हापूरजवळचं वळिवडे हे या विषयाची प्रयोगशाळाच म्हणायला हवं. १९३९ साली पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत फौजांनी घेतला आणि पुढच्या दोन वर्षांत लाखो पोलिश लोकांना गुरांच्या डब्यांत घालून सायबेरिया, कझाकस्तानकडे धाडलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटल्यावर स्टालिनने त्यांना सोडलं. ते मध्य आशियातून इराणला आले आणि तिथून जगभर पांगले. काही मुलं जामनगरच्या जामसाहेबांकडे बालाचडीला गेली. वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश राहिले. त्यांत बहुतांश बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बराकींची गल्ली, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटांची पथकं: पोलंडचं एक छोटं गाव पंचगंगेच्या खोऱ्यात वसलं. क्षयाच्या रोग्यांची सोय पाचगणीला होती.

आता वहीखात्याकडे पाहू. या लोकांचा खर्च लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार करत होतं. कायद्याने ते परदेशी होते आणि मुक्काम युद्ध संपेपर्यंतचा. पहिले तीन टप्पे मिळाले होते: कोणी हाकललं नाही, जेवण मिळालं, खोली मिळाली. चौथा कोणी मागितला नव्हता आणि कोणी देऊही केला नव्हता.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या त्या सरकारची मान्यता काढून वॉर्सामधल्या कम्युनिस्टांच्या सरकारला मान्यता दिली. एका दिवसात वळिवड्यातल्या माणसांच्या मागचं सरकारच नाहीसं झालं. माणसं तीच, बराकी त्याच, फक्त त्यांच्या कागदांवरची मोहोर निरुपयोगी झाली. मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने छावणीचा भार घेतला आणि एकेका कुटुंबासाठी देश शोधणं सुरू झालं. कोणी ब्रिटन, कोणी ऑस्ट्रेलिया, कोणी अमेरिका, कॅनडा. थोडे पोलंडला परतले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. मागे कोल्हापुरात काही कबरी राहिल्या. पोलंडने मात्र आठवण ठेवली. वॉर्सात वळिवड्याचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. सिंधमधून आलेल्या हिंदूंना तिथे आणून वसवलं गेलं. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातले कापडवाले दुकानदार लग्नसराईच्या आधी माल भरायला तिथे जातात. बराकी त्याच, पण नव्या बिऱ्हाडाला पहिल्यापासूनच सातबाऱ्याचं आश्वासन होतं. फरक माणसांच्या दुःखात नव्हता. राज्य त्यांना कोण मानत होतं, यात होता.

५. एक तारीख: १९ जुलै १९४८

सिंधी माणूस भारतात परदेशी म्हणून आला नाही, हे खरं. पण नागरिक म्हणून तो आपोआप धरला जाईल, असंही नव्हतं. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी राज्यघटनेने सहाव्या कलमात एक तारीख घातली. स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी अखंड हिंदुस्थानात जन्मलेलं हवं, ही पहिली अट. त्यानंतर १९ जुलै १९४८ ही रेघ. त्याच दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून यायला परमिट लागू लागलं.

तीन भाऊ घेऊ. थोरला जानेवारी १९४८ मध्ये कराचीतल्या दंगलीनंतर बोटीने मुंबईला उतरला आणि इथेच राहिला: तो कुठलाही अर्ज न करता नागरिक. मधला कारभार आवरून सप्टेंबर १९४८ मध्ये आला. त्याला सहा महिने राहून, अधिकाऱ्याकडे अर्ज करून, घटना लागू होण्याआधी नाव नोंदवणं भाग होतं. मार्च १९४९ ला त्याचे सहा महिने भरतात, म्हणजे त्याला सवड होती. धाकटा आला डिसेंबर १९४९ मध्ये. २६ जानेवारी १९५० पर्यंत सहा महिने भरणं शक्यच नाही. त्याला १९५५ च्या नागरिकत्व कायद्याची वाट पाहावी लागली. आईबाप एक, गाव एक, घाव एक, आणि दर्जे तीन.

मागे राहिलेल्या मालमत्तेचा हिशोब आणखी किचकट. जे पाकिस्तानात गेले त्यांच्या इथल्या मालमत्ता सरकारने नेमलेल्या 'कस्टोडियन'च्या ताब्यात गेल्या. जुन्या वाड्यांचे व्यवहार करणाऱ्यांना हा शब्द अजून दचकवतो. इकडे आलेल्यांनी तिकडे काय सोडलं त्याचे दावे भरायचे, तपासून घ्यायचे आणि १९५४ च्या कायद्याखाली भरपाई घ्यायची. पूर्ण भरपाई कोणालाच नाही, कारण सोडलेली मालमत्ता जास्त आणि वाटायला आलेली कमी. पंजाबात शेतजमिनीसाठी जो हिशोब लावला त्यातलं धोरण मला आजही शहाणपणाचं वाटतं. दहा एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला चौथाई कपात, म्हणजे दहाचे साडेसात एकर. जमीन वाढत जाईल तशी कपात वाढत गेली, पाचशे एकरांच्या वरच्या हिश्श्यावर ती ९५ टक्के झाली. लहान माणसाचा संसार उभा राहिला पाहिजे, जमीनदाराची जमीनदारी उभी राहिली नाही तरी चालेल. सिंधी लोकांच्या वाट्याला मात्र जमीनही फारशी आली नाही. पंजाब अर्धा इकडे होता. सिंध अख्खा तिकडे गेला.

६. कॅम्प नंबर तीन

म्हणून सिंधी शहरांत आले. मुंबई प्रांताच्या सरकारने १९४८ साली निर्वासितांसाठी कायदा करून नोंदणी सक्तीची केली आणि कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत त्यांना ठेवलं. लांबच लांब बराकी, मधे तरटाचे पडदे, एका पडद्याआड एक कुटुंब. स्वयंपाक, आजारपण, बाळंतपण सगळं त्या तरटाच्या आत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे शहराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. पंचाहत्तर वर्षं उलटली तरी तिथला पत्ता 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असाच लिहितात. पिंपरी कॅम्प, नागपूरचा जरीपटका, आपल्या शहरातली जालना रोडवरची सिंधी कॉलनी ही त्याच स्थलांतराची लहानमोठी रूपं.

समाजाने काय केलं? पहिल्यांदा हळहळ, मग कुरकुर, मग व्यवहार. लोकलमध्ये पापड, पेन्सिली विकणाऱ्या पोरांबद्दल सुरुवातीला कौतुक होतं. तीच पोरं दुकान थाटून कमी नफ्यावर विकू लागली, तेव्हा जुन्या दुकानदारांच्या कपाळावर आठ्या आल्या. उल्हासनगरच्या मालावरचं 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद दोन पिढ्यांनी चघळला. त्यात थोडं हसू, थोडा हेवा आणि बरीचशी असूया. तरी एक पिढी उलटताच लग्नाचा बस्ता बांधायला सगळे तिथेच जाऊ लागले. माझ्या मते गिऱ्हाइकी हा आपल्याकडचा सगळ्यांत यशस्वी पुनर्वसन कार्यक्रम आहे, आणि त्यासाठी कुठल्याही सरकारने अध्यादेश काढला नव्हता.

कागदाचं मात्र अजून चालूच आहे. छावणीत दिलेल्या जागा पुढे विकल्या गेल्या, वाढवल्या गेल्या, त्यांवर मजले चढले, पण मालकीच्या नोंदी अर्धवट राहिल्या. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधी विस्थापितांच्या जमिनींसाठी विशेष अभय योजना मंजूर केली, ती अशाच नोंदी निकाली काढण्यासाठी. नागरिक १९५० चे, पण घराचा कागद २०२५ मध्येही शेवटचा नाही.

विदर्भात आणखी एक शाखा आहे. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आजच्या गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागात वसवलं. जंगल तोडून शेती, भाताची खाचरं, दुर्गापूजा, बंगाली शाळा. त्यांच्यातल्या नमशूद्रांना पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती जातच नाही, म्हणून इथे तो मिळत नाही. शेजारच्या गोंड गावांना या वसाहतींबद्दल काय वाटतं, तो प्रश्नही तितकाच खरा आहे, कारण तोडलेलं जंगल कोणाचं तरी होतंच.

७. कायदाच नाही, मग चालतं कसं?

भारताने १९५१ चा करार आणि १९६७ चा पूरक करार, दोन्हींवर सही केलेली नाही. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. करार झाला तेव्हा तो युरोपच्या महायुद्धोत्तर प्रश्नापुरता होता, आणि फाळणीतले लाखो लोक त्यात बसतच नव्हते. पुढे कारणं बदलली: सैल सरहद्दी, शेजाऱ्यांशी नाजूक संबंध, आणि उद्या कोण आला तर त्याला काय म्हणायचं, हे आपल्याच हातात ठेवण्याची इच्छा.

मग परदेशातून आलेला कोणीही, पर्यटक असो, विद्यार्थी असो की जीव घेऊन पळालेला, 'परदेशी' या एकाच रकान्यात पडतो. आधी यासाठी १९२०, १९३९ आणि १९४६ चे इंग्रजी काळातले कायदे होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आला. रकाना तोच राहिला.

राज्यघटना इथे थोडी मदतीला येते. तिची काही कलमं 'व्यक्ती'साठी आहेत, काही फक्त 'नागरिका'साठी. कायद्यापुढे समानता (कलम १४) आणि जीविताचा हक्क (कलम २१) प्रत्येक व्यक्तीला. देशात कुठेही राहण्या-वसण्याचा हक्क (कलम १९) फक्त नागरिकाला. म्हणून १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना जमावाने हुसकावून लावू नये, त्यांच्या जिवाचं रक्षण राज्याने करावं, असं बजावलं. आणि २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांबाबत सांगितलं की हद्दपार न होण्याचा हक्क कलम १९ शी जोडलेला आहे, तो परदेशी माणसाला नाही. नियमाने प्रक्रिया पाळून पाठवा, एवढीच अट.

म्हणजे ओसरीचा टप्पा, जो सगळ्यांत पहिला आणि सगळ्यांत साधा, तोच आपल्याकडे सगळ्यांत कच्चा आहे. आपण काहींना थेट खोली देतो, काहींना सातबारा देतो, पण "पावसात ढकलणार नाही" हे मात्र लेखी देत नाही. गटागटाने निर्णय घेण्यात लवचीकपणा आहे, हे मान्य. त्याच लवचीकपणात माणसाचं भवितव्य एखाद्या टेबलावरच्या शेऱ्यावर लटकतं, हेही मान्य करायला हवं.

८. बहीण १९८६ ची, भाऊ १९८८ चा

आता स्वेटरच्या दुकानाकडे. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागे हजारो तिबेटी. सरकारने त्यांना जमिनी देऊन वसाहती उभारल्या. महाराष्ट्रातली वसाहत गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला आहे, नॉरग्येलिंग. इटियाडोह धरणाच्या शेजारी भाताची शेती, गोम्पा, शाळा, आणि थंडीत स्वेटरचा धंदा.

समजा, तिथल्या एका जोडप्याला मुलगी १९८६ च्या डिसेंबरात झाली आणि मुलगा १९८८ च्या मार्चमध्ये. नागरिकत्व कायदा म्हणतो, २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आई-बाप कोणीही असोत. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याच्या आई-बापांपैकी एक तरी नागरिक हवा. डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. म्हणून बहीण भारतीय, भाऊ परदेशी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या पासपोर्टच्या दाव्यात हेच सांगितलं, आणि २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशांची नावं मतदारयादीत घ्यायला सांगितली.

भावाकडे असतं ते नोंदणी प्रमाणपत्र, सगळे त्याला 'आरसी' म्हणतात. ते मुदतीत नूतनीकरण करायचं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचं ओळखपत्र. आणि गंमत अशी की हक्क असूनही अनेक बहिणी नागरिकत्वाचे कागद काढायला जात नाहीत. २०१७ च्या सूचनांप्रमाणे पासपोर्ट हवा तर आरसी परत करावी लागते, वसाहतीतला मुक्काम आणि सवलती सोडाव्या लागतात. शिवाय म्हातारी विचारते, आपण इथले झालो तर परत जायचं कोणी?

९. तिकिटावरचे पाच पैसे

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली. एवढ्यांना पोसायचं तर पैसा कुठून? १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रांवर पाच पैशांचं जादा 'निर्वासित मदत' तिकीट लावणं सक्तीचं झालं. बीडच्या आजीने पुण्याच्या लेकीला धाडलेल्या पत्रातही कोलकात्याजवळच्या छावणीतल्या खिचडीचे पाच पैसे होते. पोस्टाचा हा कर मार्च १९७३ मध्ये बंद झाला. तोवर बांगलादेश स्वतंत्र होऊन बहुतेक लोक परतलेही होते. याच कारणासाठी मुंबईच्या बस तिकिटावर लावलेला अधिभार मात्र 'पोषण अधिभार' असं नाव घेऊन पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. कर लावायला युद्ध लागतं, काढायला वर्षानुवर्षं लागतात.

१०. आज कोणी आलं तर?

आज उत्तर गटाप्रमाणे बदलतं. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. नियम मार्च २०२४ मध्ये आले. नागपूरच्या जरीपटक्यात वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या पाकिस्तानी सिंध्यांना तिचा थेट उपयोग. तिबेटी, श्रीलंकन तमिळ आणि म्यानमारचे लोक या दुरुस्तीत नाहीत. २०२५ च्या नव्या कायद्याखाली केंद्राने काही गटांना कागदपत्रांच्या कारवाईतून सूट दिली, तीही तारखांनी बांधलेली: ३० मे २००३ पर्यंत आलेल्या तिबेटींना, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या श्रीलंकन तमिळांना, आणि वरच्या सहा समाजांतल्या ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना.

बेगमपुऱ्यातला येमेनी विद्यार्थी यांपैकी कुठल्याच यादीत नाही. त्याच्यासाठी दोन दारं आहेत. एक, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचं दिल्लीतलं कार्यालय. तिथे मुलाखत देऊन ओळखपत्र मिळू शकतं. पोलिसांसमोर ते दाखवता येतं, पण कायद्याने ते पोलिसांवर बंधनकारक नाही. दुसरं, गृह मंत्रालयाची २०११ ची कार्यपद्धती. आपल्या शहरातल्या पोलीस आयुक्तालयाच्या परदेशी नोंदणी शाखेत अर्ज द्यायचा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट, राजकीय मत यांवरून छळाची सकारण भीती आहे असं वाटलं, तर एका वर्षाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो, तो वर्षावर्षाने पाच वर्षांपर्यंत वाढतो, आणि त्यावर खासगी नोकरी करता येते, शिकता येतं. नीट वाचलं तर ही भाषा १९५१ च्या कराराचीच आहे, ज्यावर आपण सही केलेली नाही. आयुक्तालयात त्याची चौकशी होते. कोणाच्या यादीत नाव आलं, कोणत्या गावात, पुरावा काय, असे प्रश्न विचारले जातात. शिफारस दिल्लीला जाते आणि निर्णय तिथे होतो. तोवर त्याच्या पासपोर्टातला विद्यार्थी व्हिसा संपायला किती दिवस उरलेत, ते त्याला तोंडपाठ असतं.